प्रेशरचा काटा

४ नोव्हेंबर

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच फाडायच्या बेतात असाल तर थांबा. हे तुमच्या दादांनी लिहायला लावलेलं नाही. त्यांना कळलं तर माझं काही खरं नाही. फोन करणार होते, पण तुम्ही आमचा नंबर उचलत नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. तुम्ही ज्या हॉस्पिटलात बॉयलर सांभाळता त्याचा पत्ता चिमणीने शोधून दिला. वर म्हणाली, "काकाला विचार, तिकडची आपल्या म्हातारीपेक्षा देखणी आहे का?" कारखान्यातल्या बॉयलरला तुम्ही ठेवलेलं म्हातारी हे नाव अजून तसंच आहे. तुम्ही गेलात, नाव राहिलं.

तुमची लाडकी पुतणी आता माझ्याच इस्त्रीखात्यात लागली आहे. चादरींच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ घालते आणि ते मला ऐकवतेही. तिला भिंतीजवळचं टेबल मिळालंय, पलीकडे म्हातारी. पाठीला ऊब मिळते म्हणून खूश आहे. मी तिला टेबल बदलून घे म्हणते, तर ती कारण विचारते. कारण मला सांगता येत नाही.

बाकी आमचं बरं चाललंय. म्हणजे प्रेशर आहे, पण बरं चाललंय. हसू नका. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला नुकतं मिसरूड फुटलेलं. मला कारखाना दाखवायला नेलंत आणि काट्याच्या तबकडीवर बोट ठेवून म्हणालात, "वहिनी, हे प्रेशर. ह्याच्याशी मस्करी नाही." माझ्या आयुष्यातला पहिला इंग्रजी शब्द तुम्ही दिलात. मला वाटलं, त्या तबकडीपुरताच असेल. आता बघते तर घरात माणसं थोडी आणि प्रेशर उदंड. नळाला प्रेशर नाही म्हणून मी पहाटे बादली लावून बसते. वरच्या मजल्यावरचे आजोबा "प्रेशर आलंय, सरका" म्हणत जिना उतरतात, कारण त्यांच्याकडचा संडास तुंबलाय. मुकादम म्हणतो वरून प्रेशर आहे, आणि बोट छताकडे दाखवतो. चिमणीच्या लग्नाचं नाव काढलं की ती म्हणते, आई, प्रेशर देऊ नकोस. आणि डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला नि म्हणाल्या, तुमचं प्रेशर फार वाढलंय. हे म्हणाले, तुमचं मशीन जुनं असेल.

गोळ्या आणल्या आहेत. घेतो असं म्हणतात.

एक साधी शंका विचारायची होती, म्हणून खरं तर पत्र. आपला घरचा कुकर हल्ली शिट्टी देत नाही. आत वाफ कोंडलेली कळते, झाकण तटतटतं, पण शिट्टी गप्प. असा कुकर चालवला तर चालतो का? आणि वापरणारा माणूस ऐकतच नसेल तर त्याला कसं सांगावं? वापरणारा माणूस म्हणजे मीच, पण तरी.

उत्तर घरी पाठवू नका. आमच्या खात्यातल्या रेडिओच्या पत्त्यावर पाठवा, खाली लिहिलाय. तुमच्या वेळी ती नव्हती. बोलायला लागली की बंद करायचं बटण नाही म्हणून हे नाव पडलं, पण पोटात ठेवायचं ते ठेवते.

तुमची वहिनी


१३ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. रेडिओने चादरीच्या घडीत घालून दिलं, मी गोदामात जाऊन वाचलं. "कुकरची शिट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, वहिनी. त्यासाठी तीन वर्षं न बोलणाऱ्या दिराला पत्र कोणी लिहीत नाही. म्हातारी बोलत नाहीये का?" एवढंच. तुम्ही लहानपणापासून आगाऊच.

आता लपवण्यात अर्थ नाही. सांगते.

सकाळचा सलाम आठवतो ना? काम सुरू व्हायच्या आधी तुम्ही सेफ्टी वॉल्व्हचा दांडा ओढायचात आणि छपरावरच्या पाइपातून वाफ सुटायची. एकदाच, कोरडी, खणखणीत. पत्रे थरथरायचे. आम्ही बायका त्याला सलाम म्हणायचो. म्हातारीने सलाम ठोकला म्हणजे तिचं तोंड मोकळं आहे, वाफ डोईजड झाली तर ती आपणहून सोडून देईल, हे तुम्हीच आम्हाला समजावलं होतं. सलाम झाल्याशिवाय इस्त्रीला हात लावायचा नाही, हा आमच्या खात्याचा रिवाज. कुठे लिहिलेला नाही, पण मुकादमसुद्धा तेवढा वेळ तोंड मिटून उभा राहतो.

सलाम अजून रोज होतो. पण आवाज वेगळा येतो. वरून येत नाही, बाजूने येतो, ओला आणि ओढलेला, कुणी नाक शिंकरल्यासारखा. रेडिओ स्वतःच्या बोलण्यातून मोकळी झाली तर तिला ऐकू येणार. चिमणीने खरा सलाम कधी ऐकलेलाच नाही. मला मात्र महिनाभर खटकत होतं. शेवटी काल सलामाच्या वेळी चिंध्यांचं गाठोडं टाकायचं निमित्त करून मी अंगणात गेले आणि छपराकडे बघत उभी राहिले. सलाम झाला. वरच्या पाइपातून काहीही आलं नाही. पाइपाच्या तोंडावर एक कावळा बसला होता, तो हललासुद्धा नाही. वाफ आली ती भिंतीजवळच्या खालच्या चावीतून, जिथून पाइपात साचलेलं पाणी काढतात. हे ती चावी उघडतात, जरा वेळ धरतात आणि बंद करतात. आमच्यासाठी, रोज सकाळी.

मला राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली. आम्हाला फसवावं म्हणून ह्यांनी ते केलं नसणार, एवढा संसार झाल्यावर ते मला कळतं. आम्ही घाबरू नये म्हणून केलं असणार. पण घाबरण्यासारखं काही नसतं तर त्यांनी सरळ दांडाच ओढला असता, नाही का? दिवसभर माझ्या डोक्यात हेच चालू होतं. मी एक चादर जाळली.

तुम्हाला काढलं तो दिवस मला उगाळायचा नाही. पण एक लिहिते. वॉल्व्ह उशिरा बोलतो असं म्हणून तुम्ही भर ऑर्डरीत भट्टीतली आग काढलीत, सगळं खातं बंद पाडलंत. मालकांनी बाहेरून माणूस आणला, म्हातारी परत पेटवली, त्याने दांडा ओढला आणि सलाम झाला. सगळ्यांसमोर. मग ह्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला भित्रा म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या जागेवर उभे राहिले. तुमच्या जिव्हारी लागलं, बरोबर आहे. पण भाऊजी, भावाला भित्रा म्हणून त्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या माणसाला पुढे स्वतः घाबरायची सोय राहत नाही. हे मला आता रोज दिसतं.

दांडा ते का ओढत नसतील? तुम्हाला कळेल. मला साध्या भाषेत लिहा.

वहिनी


२० नोव्हेंबर

भाऊजी,

ह्या वेळी दोन पानं लिहिलीत. वाचून बरं वाटायला हवं होतं, उलट झोप उडाली. वॉल्व्ह जुना झाला की एकदा उघडल्यावर नीट बसत नाही, वाफ गळत राहते, मग म्हातारी थंड करून तो काढून घासावा लागतो, म्हणून माणूस आज नको उद्या ओढू असं करत राहतो. आणि ओढला नाही की तो आतून धरत जातो, शेवटी एक दिवस स्वतःहूनही उघडत नाही. हे सगळं मला समजलं. "काटा कुठे असतो ते बघून कळवा" असं लिहिलंत, म्हणून मंगळवारी बघितलं.

जेवायची वेळ झाली की हे पान्याने वाफेच्या पाइपावर दोनदा वाजवतात. टकटक. तो पाइप भिंतीतून माझ्या टेबलाशी येतो, मला ऐकू येतं, मी डबा घेऊन जाते. ही खूण तुम्हा भावांची जुनीच. तुम्हाला तर भूक लागली की जेवणाच्या कितीतरी आधीपासून टकटक सुरू व्हायची.

काटा लाल रेघेवर होता. रेघेजवळ नाही, रेघेवर.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

"तू तिरकी उभी आहेस. अशी समोर ये." समोर गेले. काटा तिथेच होता.

"मग वॉल्व्ह का नाही सुटला?"

"तू आपली इस्त्री कर ना बाई."

"सलाम तुम्ही खालच्या चावीतून देता."

हे जेवायला बसले होते. घास हातातच राहिला. कोळशाच्या धगीने चेहरा नेहमीच लाल असतो, पण मंगळवारी मानेवरची शीर दिसत होती.

"कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले. तुम्हाला मी हिशेबात धरलं नाही, राग मानू नका.

"मालकांनी चादरींचं मोठं दाबयंत्र आणलंय," हे म्हणाले. "त्याला वाफ जास्त लागते. ही ऑर्डर जाऊ दे, मग थंड करून वॉल्व्ह घासतो. मालकांनी कबूल केलंय. आत्ता दांडा ओढला आणि नाही बसला, तर खातं बंद. मग काय म्हणतील? हाही भावासारखाच."

हे शेवटचं वाक्य ते माझ्याशी नाही, डब्याशी बोलले. मी भांडणार होते. आपली पोर त्या भिंतीला पाठ लावून उभी असते, एवढं तरी बोलणार होते. पण त्यांची शीर बघून गप्प बसले. इथे जास्त बोलले तर म्हातारीच्या आधी हेच जातील, अशी मला भीती वाटली. घरी आल्यावर त्यांची पँट धुवायला घेतली तर खिशात गोळ्यांची पट्टी निघाली. एकही गोळी काढलेली नव्हती.

चिमणीने काल तिच्या शाळेच्या जुन्या डिक्शनरीत प्रेशर बघितलं. मीच बघायला सांगितलं. तिने वाचून दाखवलं, दाब, भार, दडपण, निकड, तगादा. मी म्हटलं, बघ, आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि आपण सगळीकडे प्रेशर म्हणत सुटलोय. ती म्हणाली, सोपं पडतं. सोपं पडतं हे खरं. मुकादम जर म्हणाला की तगादा आहे, तर कुणीतरी विचारील, कुणाचा? दडपण आहे म्हटलं तरी विचारतील. प्रेशर आहे म्हटलं की सगळे माना हलवतात आणि कामाला लागतात. हेसुद्धा परवा "प्रेशर आहे गं" म्हणाले, आणि मीसुद्धा विचारलं नाही की कशाचं.

मी दिवसातून कितीदा तरी चिमणीच्या टेबलाशी जाते आणि भिंतीवर हात ठेवून बघते. काय कळतं त्यातून? काही नाही. भिंत गरम असते. ती गुणगुणत असते. मी परत येते.

लवकर लिहा. काय करू तेवढंच लिहा, का ते नको.

वहिनी


२४ नोव्हेंबर, कामावर निघण्याआधी

भाऊजी,

तुमचं पत्र काल संध्याकाळी रेडिओने दिलं. तोंडपाठ केलंय. आधी माणसं बाहेर. मग आग काढायची. वाफ वापरून वापरून काटा खाली आणायचा. गार पाणी एकदम घालायचं नाही. दांडा अडकला असेल तर त्याला हातोडा लावायचा नाही, कधीच नाही. हे सगळं मला कळलं. शेवटी लिहिलंत, "मी सांगितलं हे दादाला कळू देऊ नका, नाहीतर तो मुद्दाम उलट करील." ह्या ओळीवर मी अडकले. तुम्ही दोघं एका ताटात जेवलेले भाऊ, आणि एक दुसऱ्यापासून जीव वाचवायचा उपाय लपवून ठेवायला सांगतोय.

आज करणार आहे. खोटा सलाम झाला की मी इस्त्रीला हात लावणार नाही. सगळ्यांसमोर म्हणणार आहे की हा सलाम नाही. मालकांकडे जाऊन उपयोग नाही, ते ह्यांनाच बोलावून विचारतील आणि हे हसून उडवतील. पण आमच्या बायका सलामाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत, एवढा एकच आधार आहे.

भीती कशाची वाटत नाही ते विचारा. कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही अशी वाटते. विश्वास ठेवतील आणि हे पोरीसमोर खोटे पडतील अशीही वाटते. त्या धक्क्याने त्यांचंच काही झालं तर? आणि आम्ही सगळ्या तिथे वाद घालत उभ्या असतानाच व्हायचं ते झालं तर?

चिमणीला म्हटलं, आज घरी राहा, मी सांगते तुला ताप आहे म्हणून. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, तुझाच चेहरा तापातला दिसतोय. आता डबे भरतेय. बटाट्याची भाजी आहे, ह्यांना आवडते म्हणून केली.

हे पत्र जाताना पेटीत टाकते. ह्याच्यानंतर दुसरं पत्र आलं नाही तर. जाऊ दे. चिमणी हाक मारतेय.

वहिनी


२५ नोव्हेंबर

भाऊजी,

आम्ही सगळे आहोत. हे आधी वाचा आणि मग बाकीचं.

सलाम झाला, तसाच, ओला. बायकांनी पदर खोचले, इस्त्र्या उचलल्या. मी हात काखेत धरून उभी राहिले. म्हणाले, "हा सलाम नाही." माझा आवाज माझ्या कानापर्यंतसुद्धा पोचला नाही. पण रेडिओला पोचला, आणि रेडिओला पोचलं की गावाला पोचतं. ती ओरडली, "ऐका गं, ही म्हणतेय हा सलाम नाही."

मुकादम आला. "आत्ता तर झाला. कान फुटले का तुमचे?"

"बाहेर येऊन छपराकडे बघा," मी म्हणाले, "आणि ह्यांना परत एकदा द्यायला सांगा."

सगळं खातं अंगणात आलं. मुकादमाने हाक मारून परत सलाम द्यायला सांगितलं. परत वाफ सुटली, खालून. पाइपावर दोन कावळे बसले होते, ते तसेच बसून राहिले. बायकांनी खोचलेले पदर सोडले. मुकादम छपराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

हे बॉयलरघराच्या दारात आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग चिमणीकडे. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडणार, मलाही भित्री म्हणणार. मी तयार होते. पण ते वळून आत गेले. आतून लोखंडावर पाय रोवल्याचा आवाज आला, मग एक कण्हणं. बाहेर आले तेव्हा चेहरा लाल नव्हता, पांढरा होता.

"दांडा हलत नाही," ते म्हणाले. दूध संपलंय असं सांगावं, तितक्या हळू.

आणि कोपऱ्यातला हातोडा उचलायला वळले.

"हातोडा नाही," मी ओरडले. "हातोडा लावायचा नाही. कधीच नाही."

ते थांबले. माझ्या तोंडचं वाक्य माझं नाही, हे त्यांना लगेच कळलं. घरात आवाजसुद्धा वारशाने येतात की काय कोण जाणे, मी ते अगदी तुमच्यासारखं म्हणाले असणार.

"त्याने सांगितलं?"

"हो."

मी डोळे मिटून घेतले, भाऊजी. तुमची ती शेवटची ओळ आठवली. आता हे मुद्दाम उलट करणार, आणि माझ्यामुळे करणार, असं वाटलं.

"आणखी काय म्हणाला?"

मी सांगितलं. माणसं बाहेर, आग काढा, वाफ वापरून उतरवा, गार पाणी नको. शाळेतल्या पोरीसारखं घडाघडा म्हटलं. ते मान हलवत ऐकत होते. "बरोबर म्हणाला," ते म्हणाले, आणि फावडं घेतलं.

मुकादम मध्ये आला. ऑर्डर आज निघायची आहे, मालक येतील, वरून प्रेशर आहे. हे त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आत जास्त आहे. बायकांना रस्त्यापलीकडे ने." मुकादमाने एकदा काट्याकडे बघितलं आणि सगळ्यांच्या पुढे तोच पळाला.

पण वाफ वापरायची तर इस्त्रीखात्यातली यंत्रं उघडी धरायला कुणीतरी आत हवं. हे म्हणाले, मी एकटा बघतो. एकटा माणूस भिंतीच्या दोन्ही बाजूंना कसा असणार? मी आत गेले. चिमणी माझ्यामागे यायला निघाली. रेडिओने तिच्या कंबरेला मिठी घातली आणि सोडलीच नाही. पहिल्यांदाच ती बाई गप्प होती.

मी सगळी यंत्रं उघडली. मोठ्या दाबयंत्राची चावी फिरेना, ती चादर गुंडाळून फिरवली. खोली पांढरी झाली, माझा हात मला दिसेना. पलीकडून फावड्याचा आवाज येत होता, निखारे ओढल्याचा, खरर, खरर. मी त्या आवाजावर जीव टांगून उभी होते. मला पळून जायचं होतं. खरं सांगते, दार कुठल्या बाजूला आहे एवढाच विचार डोक्यात होता. पाय हलत नव्हते म्हणून राहिले असेन.

मग फावडं थांबलं.

म्हातारीची भीती तेवढ्यात मागे पडली. हे पडले असतील असं वाटलं. ती शीर, त्या खिशातल्या गोळ्या. हाक मारावी तर वाफेच्या आवाजात ऐकू कसली जाणार. मी भिंत चाचपत गेले, पाइप सापडला, हात भाजला, तरी धरून राहिले. पलीकडे काही नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

आणि पाइपात वाजलं. टकटक.

जेवायला ये.

मी बॉयलरघरात गेले. हे पालथ्या घमेल्यावर बसले होते. काटा खाली आला होता, अजून उतरत होता. म्हणाले, "डबा?" डबा बाहेर चिमणीकडे होता. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि रडले. त्यांनी माझा भाजलेला हात बघितला आणि गार पाण्याचा तांब्या त्यावर ओतला. "ह्याच्यावर गार पाणी चालतं," म्हणाले.

मालक दुपारी आले. काय बोलले ते लिहीत नाही. हे पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खाली न बघता उभे होते.

वहिनी


११ डिसेंबर

भाऊजी,

म्हातारी थंड झाल्यावर वॉल्व्ह काढला. ज्या फिटरने काढला तो म्हणाला, हा आतून जाम झालाय, वाफेने कधीच उघडला नसता. तो भंगारात टाकत होता. ह्यांनी मागून घेतला, पंच्यात गुंडाळून घरी आणला आणि जेवायच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, उद्या उचलतील. रोज तिथेच. येताजाता दांडा ओढून बघतात, हलत नाही, मग पुढे जातात. आम्ही ताटं त्याच्या भोवती मांडतो.

नवा वॉल्व्ह बसलाय. हे रोज दांडा ओढतात आणि आवाज वरून येतो. तरी तो येईपर्यंत मी टेबलाची कड घट्ट धरून असते. ही सवय जायची नाही माझी. सलामाला कावळे उडतात, चिमणी खिडकीतून बघून सांगते, "उडाले." मग आम्ही इस्त्र्या घेतो. तिने टेबल बदललं नाही. म्हणते, आता कशाला.

गोळ्या माझ्यासमोर घेतात, माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून. काल डॉक्टरीणबाईंनी पट्टा फुगवला तेव्हा मशीनला नावं ठेवली नाहीत. "किती आहे?" असं विचारलं. मला तेवढ्यानेच भरून आलं.

परवा ते कुठून तरी एक खोकं घेऊन आले. आमच्या खात्यातल्या चिंध्या भरल्या, मध्ये वॉल्व्ह ठेवला, सुतळीने बांधलं. तुमचा पत्ता मागितला. मी दिला. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, सावकाश, एकेक अक्षर. मी म्हटलं, आत दोन ओळी तरी लिहा. पेन घेऊन बसले होते. चहा निवला. मग पेन ठेवलं आणि म्हणाले, "काय लिहू?"

माझं हे पत्र खोक्याच्या आधी पोचेल. ते आलं की जपून उचला, जड आहे. चिठ्ठी शोधत बसू नका, नाहीये. ह्यांनी मला फक्त एवढं लिहायला सांगितलंय, "त्याला म्हणावं, दांडा ओढून बघ."

तुमची वहिनी